पाठभेद आणि अर्थनिर्णय : ‘ब्लेड रनर’चा शेवट

रिडली स्कॉट ह्यांच्या ‘ब्लेड रनर’ ह्या चित्रपटात पळून आलेल्या कृत्रिम मानवांना हुडकून ठार करणे हे डेकर्डचे काम आहे. अखेरीस रेचेल ह्या कृत्रिम स्त्रीसह घर सोडताना त्याला दाराबाहेर कागदी घड्यांचा एकशिंगी घोडा सापडतो. तो गॅफ ह्या पोलिसाने केलेला, हे उघड आहे. डेकर्ड स्वतःही कृत्रिम आहे काय, हा वाद त्या घोड्याभोवतीच फिरतो.

वाद घालणारे आपला आधारपाठ मात्र क्वचितच सांगतात. १९८२ च्या पाठात घोड्याचा अर्थ एवढाच, की गॅफ येऊन गेला आणि त्याने रेचेलला जिवंत सोडले. १९९२ च्या व २००७ च्या पाठांत डेकर्ड एकशिंगी घोड्याचे स्वप्न पाहतो. ते गॅफला ठाऊक असेल, तर रेचेलप्रमाणे डेकर्डच्याही स्मृती बाहेरून भरलेल्या असाव्यात, असे अनुमान निघते. चिन्ह तेच, संदर्भ पालटला. अनेकार्थी शब्दाच्या अर्थनिश्चयासाठी भर्तृहरीने सांगितलेल्या साधनांत ‘प्रकरण’ आहे, ते ह्याचसाठी.

डेकर्ड कृत्रिम आहे, असे स्कॉट ह्यांनी पुढे सांगितले. तथापि तो निर्वाळा पहिल्या पाठाला लावणे म्हणजे त्यात नसलेल्या स्वप्नाची साक्ष काढणे होय. उलट, नव्या पाठांतही गॅफच्या दयेचा अर्थ रद्द होत नाही. तो दुसऱ्या अर्थासह नांदतो. म्हणून ‘डेकर्ड कोण?’ ह्या प्रश्नाआधी ‘कोणत्या पाठातला?’ हे विचारणे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.