नोटिफिकेशनवरची वेळ नेमकी कशाची?

‘लोक नोटिफिकेशनला किती वेळात प्रतिसाद देतात?’ असा प्रश्न घेतला की आपण सरळ क्लिकच्या वेळेतून नोटिफिकेशनचा टाइमस्टॅम्प वजा करतो. सोपं वाटतं. पण इथेच गडबड आहे.

वेब नोटिफिकेशनच्या मानकात ‘टाइमस्टॅम्प’ हा ऐच्छिक पर्याय आहे. तो १ जानेवारी १९७० (यूटीसी) पासूनच्या मिलिसेकंदांत द्यायचा असतो. तो त्या घटनेची वेळ सांगतो, नोटिफिकेशन दिसल्याची नाही. त्यामुळे तो भूतकाळातला असू शकतो आणि भविष्यातलाही. डेव्हलपरने काहीच दिलं नाही, तर मात्र नोटिफिकेशन तयार झालं ती वेळ त्यात बसते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. एकाच रकान्याचे दोन अर्थ, आणि वाचणाऱ्याला कोणता ते कळायला मार्ग नाही.

उदाहरण घ्या. मेसेज सकाळी ९ चा, फोन ऑफलाइन, पुश ११ ला पोचला, क्लिक ११:०२ ला. एका साइटने ९ ची वेळ दिली: प्रतिसादाला १२२ मिनिटं. दुसरीने काहीच दिलं नाही: २ मिनिटं. माणूस तोच, वागणं तेच! चार वाजताच्या मीटिंगची आठवण ३:४५ ला आली आणि क्लिक ३:४७ ला झालं, तर उत्तर उणे १३ मिनिटं. उणे आकडा निदान डोळ्यात खुपतो. १२२ मात्र गुपचूप सरासरीत जाऊन बसतो.

एककाचा घोळ वेगळाच. पायथनचं टाइम फंक्शन सेकंद देतं. १७०००००००० हा आकडा मिलिसेकंद समजून वाचला, तर २०२३ चा नोव्हेंबर थेट २० जानेवारी १९७० होतो. शिवाय इव्हेंटचा स्वतःचाही एक टाइमस्टॅम्प असतो, पण तो १९७० पासून मोजलेला नसतो. नाव सारखं म्हणून दोघांची वजाबाकी करू नका.

मग करायचं काय? प्रयोग तुमचाच असेल तर चार वेळा वेगळ्या नोंदवा: घटना घडल्याची, सर्व्हरने पाठवल्याची, ब्राउझरने दाखवल्याची आणि क्लिकची. पहिल्या दोन सर्व्हरच्या घड्याळाच्या, उरलेल्या दोन फोनच्या, हेही लिहून ठेवा. आणि चारही मिळाल्या तरी ‘वाचलं कधी’ ते कळत नाहीच. दुसऱ्याचा डेटा वापरत असाल, तर आधी एकच विचारा: हा टाइमस्टॅम्प कुणी भरला? उत्तर मिळालं नाही, तर प्रबंधात ‘प्रतिसादाचा वेळ’ हे शब्द वापरू नका.