चर्चामंचासाठी संगणकप्रणालीची निवड : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

महाविद्यालयात ग्रंथ किंवा प्रयोगशाळेची उपकरणे घ्यावयाची झाल्यास समिती नेमली जाते, तौलनिक तक्ता मांडला जातो आणि विषयाच्या अध्यापकाचे मत विचारले जाते. विद्यार्थी व अध्यापक यांच्या लेखी चर्चेसाठी वापरावयाच्या संगणकप्रणालीच्या बाबतीत मात्र असे क्वचितच घडते. जी सर्वांच्या हाताशी आहे ती स्वीकारली जाते, अथवा हा केवळ तांत्रिक प्रश्न मानून तो संगणक विभागाकडे सोपविला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. चर्चाप्रणाली हे तटस्थ पात्र नव्हे. कोणी बोलावे, कोणाचे बोलणे वर राहावे आणि बोललेले किती काळ टिकावे, याविषयीचे निर्णय तिच्या रचनेत आधीच घेतलेले असतात. म्हणून एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी तिचीही समीक्षा झाली पाहिजे, आणि ती अध्यापकांनीच केली पाहिजे.

या दृष्टीने पीएचपीबीबी, मूडल व डिसकोर्स या तीन मुक्तस्रोत प्रणालींचा विचार येथे मांडणी, अधिकार, भाषा व अभिलेख या चार कसोट्यांवर केला आहे.

मांडणीची कसोटी

२००० साली सुरू झालेल्या पीएचपीबीबीमध्ये एका विषयावरील प्रतिसाद कालक्रमाने एकाखाली एक येतात आणि ज्या विषयावर ताजा प्रतिसाद आला तो विषय यादीत वर चढतो. ही मांडणी समजण्यास सोपी आहे. परंतु तिच्यात ताजेपणा हाच महत्त्वाचा निकष ठरतो. विचारपूर्वक लिहिलेल्या, पण कोणी उत्तर न दिलेल्या टिपणापेक्षा वादग्रस्त विषय सतत वर राहतो.

याउलट यूजनेटच्या परंपरेत प्रत्येक उत्तर कोणत्या मजकुराला आहे, याची नोंद राखून चर्चेची शाखायुक्त रचना केली जाई. मायबोली, मिसळपाव यांसारख्या मराठी संकेतस्थळांनी वापरलेल्या ड्रुपल या प्रणालीतही प्रतिसादाखाली उपप्रतिसाद देण्याची सोय आहे. कोणी कोणास उत्तर दिले हे अशा रचनेत स्पष्ट होते; मात्र चर्चा लांबली की मूळ प्रश्न शाखांमध्ये हरवण्याची शक्यताही वाढते.

२००२ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या मूडलचा विचार शैक्षणिक आहे. तिच्या प्रश्नोत्तर प्रकारच्या चर्चेत विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. वर्गातील दोन-तीन हुशार मुलांच्या उत्तरांची री ओढण्याची सवय या एका नियमाने बऱ्याच अंशी रोखली जाते. तांत्रिक तपशील म्हणून दुर्लक्षिली जाणारी ही बाब वस्तुतः अध्यापनशास्त्रीय निर्णय आहे.

अधिकाराची कसोटी

मूडलमधील अधिकार वर्गरचनेचे प्रतिबिंब आहेत. अध्यापक हा अध्यापक व विद्यार्थी हा विद्यार्थीच राहतो. मूलभूत मांडणीत विद्यार्थ्याला स्वतःच्या मजकुरात दुरुस्ती करण्यास तीस मिनिटे मिळतात. पीएचपीबीबीमध्ये प्रशासक अत्यंत बारकाईने अधिकार वाटू शकतो. परंतु ते वाटणारा हात त्याचाच असतो.

२०१३ मध्ये जाहीर झालेल्या डिसकोर्सने येथे वेगळा प्रयोग केला. सभासदाच्या विश्वासाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत आणि मधल्या पायऱ्या वापराच्या मोजमापावरून आपोआप चढता येतात. मूलभूत मांडणीनुसार पाच विषय उघडणे, तीस प्रतिसाद वाचणे आणि एकूण दहा मिनिटे वाचन करणे एवढ्यावर पहिली पायरी मिळते. बोलण्यापूर्वी वाचणाऱ्याचा येथे मान राखला आहे, ही या रचनेची जमेची बाजू होय.

तथापि तिसऱ्या पायरीसाठी असलेल्या अटींत मागील शंभर दिवसांपैकी पन्नास दिवस उपस्थितीची अट आहे, आणि ती न पाळल्यास पायरी जाऊ शकते. येथे उपस्थिती मोजली जाते, विचाराची गुणवत्ता नव्हे. घरात एकच भ्रमणध्वनी असलेला, सुगीच्या दिवसांत शेतावर राबणारा विद्यार्थी या मोजमापात कमी विश्वासाचा ठरतो. हे आकडे बदलता येतात, हे खरे. पण ते बदलले पाहिजेत हे कोणाच्या तरी लक्षात यावयास हवे. निवड समितीत अध्यापक नसेल तर ते कोणाच्या लक्षात येणार?

भाषेची कसोटी

पीएचपीबीबीच्या २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीने युनिकोडची यूटीएफ-८ पद्धत पूर्णतः स्वीकारली, त्यामुळे देवनागरी लेखन व साठवण यांची मोठी अडचण दूर झाली. परंतु अक्षरे उमटणे म्हणजे भाषा सामावली जाणे नव्हे. मराठीत नामाचे सामान्यरूप होते. ज्या शोधव्यवस्थेला शब्दरूपांचे ज्ञान नाही, तिला ‘पाणी’ विचारल्यास ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ हे सापडत नाही. ‘ऱ’ हे अक्षरही युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येते. दिसण्यात सारखे असलेले दोन शब्द यंत्राला भिन्न वाटू शकतात. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी शंभरेक मराठी नोंदी भरून शोध घेऊन पाहणे, ही बिनखर्चाची चाचणी प्रत्येक विभागाला करता येईल.

अभिलेखाची कसोटी

वरील तिन्ही कसोट्यांहून ही कसोटी महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच शेवटी आठवते. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवरील साठविलेला मजकूर काढून टाकण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. तेथे चर्चा करणाऱ्यांनी कोणता दोष केला होता? दोष एवढाच की चर्चा त्यांची होती, पण साठा त्यांचा नव्हता.

आज अनेक ठिकाणी वर्गाची चर्चा व्हॉट्सॲपच्या गटांत चालते. सूचना पोहोचविण्यास हे साधन उत्तम आहे. सर्वजण तेथे आधीच असतात, हा त्याचा गुणही नाकारता येत नाही. ओस पडलेल्या उत्तम मंचापेक्षा गजबजलेला सामान्य गट बरा, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे. परंतु तेथील संभाषण सभासदांच्या भ्रमणध्वनींत विखुरलेले असते. विषयवार लावलेला, संस्थेच्या ताब्यातील एकसंध अभिलेख त्यातून तयार होत नाही. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याला मागील वर्षीचा वादविवाद वारशाने मिळत नाही.

मुक्तस्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्यास हा साठा संस्थेचा राहतो. मात्र मालकीबरोबर जबाबदारी येते. डिसेंबर २००४ मध्ये ‘सँटी’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने पीएचपीबीबीवरील असंख्य मंचांची पाने पुसून टाकली. त्या त्रुटीची दुरुस्ती असलेली आवृत्ती नोव्हेंबरमध्येच उपलब्ध झाली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती त्यांचे नुकसान झाले. मुक्त परवाना अभिलेख टिकविण्याचा अधिकार देतो. टिकविण्याचे काम माणसालाच करावे लागते.

निष्कर्ष

अभ्यासक्रमाशी बांधलेल्या चर्चेसाठी मूडल योग्य ठरते. अनेक महाविद्यालयांतील अभ्यासकांच्या दीर्घकालीन चर्चेसाठी डिसकोर्स अधिक समर्थ आहे. पण त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर व तो सांभाळणारी जाणकार व्यक्ती लागते. साधी, अल्प खर्चाची जागा भाड्याने घेऊन काम भागवावयाचे असल्यास पीएचपीबीबी आजही पुरेशी आहे.

तथापि यांपैकी कोणतीही निवड करताना प्रश्नांचा क्रम उलटा लावावा, असे सुचवावेसे वाटते. चर्चेची संपूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखविता येते काय, हा पहिला प्रश्न. प्रणालीची आवृत्ती वेळोवेळी अद्ययावत कोण करणार आणि ती व्यक्ती बदलून गेल्यास पुढे कोण, हा दुसरा. मांडणी, अधिकार व शोध यांचा विचार त्यानंतर करावा. सोयींची यादी सर्वांत शेवटी पाहावी. ग्रंथालयात ग्रंथ घेताना तो किती वर्षे टिकेल व कोणाला वाचता येईल, हे आपण पाहतोच. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या विचारांना त्याहून कमी दर्जाची काळजी मिळू नये.