कंट्रोल आणि ‘व’

मंडळी, आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल, पण मराठीत टाइप करणाऱ्याला तो रोज छळतो.

समजा, इन्स्क्रिप्ट मांडणी चालू ठेवून तुम्ही ब्राउझरमध्ये लेख लिहिताय. एक शब्द ठळक करायचाय, म्हणून कंट्रोल धरून बी दाबलात. काही ऑनलाइन संपादकांत शब्द ठळक होतो, काहींत ढिम्म काही होत नाही. कारण इन्स्क्रिप्टमध्ये बीच्या कळीवर ‘व’ आहे, आणि कंट्रोल-व म्हणजे काय हे त्या प्रोग्रॅमला कोणी सांगितलेलंच नाही. एसच्या कळीवर एकाराची मात्रा, म्हणून सेव्ह होत नाही. केच्या कळीवर तर चक्क ‘क’ आहे, तरी ओळख पटत नाही!

दोष मांडणीचा म्हणावा, तर ती १९८६ पासूनची सरकारी मांडणी आहे, १९९१ च्या भारतीय मानकातही आहे. दोष आहे तो प्रोग्रॅम लिहिताना न विचारलेल्या प्रश्नाचा: शॉर्टकट कशावर बांधायचा, अक्षरावर की कळीच्या जागेवर? इंग्रजी कीबोर्डवर दोन्ही एकच, त्यामुळे प्रश्न पडतच नाही. ब्राउझर मात्र दोन्ही माहिती देतो. उमटणारं अक्षर वेगळं, कळीची जागा वेगळी. बरेच प्रोग्रॅम फक्त अक्षर बघून थांबतात.

मग नुसती जागा बघायची का? तेही फसतं. फ्रेंच मांडणीत झेड आणि डब्ल्यू यांच्या जागांची अदलाबदल आहे. फ्रेंच माणूस ‘अनडू’साठी झेड दाबणार आणि प्रोग्रॅम त्याला डब्ल्यू समजणार.

कोणी म्हणेल, मराठी शॉर्टकट करू, नकलेसाठी ‘न’. छान! पण ‘न’ आहे व्हीच्या कळीवर, आणि व्ही म्हणजे पेस्ट. बोटांची सगळी सवय मोडायची.

उपाय साधा आहे. अक्षर रोमन असेल तर अक्षर मानायचं, नसेल तर जागा. विंडोजच्या देवनागरी मांडणीत कळीची मूळ रोमन ओळख आत शाबूत असते, म्हणून तिथल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी बिनतक्रार चालतं. म्हणजे हे अशक्य नाही, करून झालेलं आहे.

तरी आपल्याला सल्ला मिळतो, ‘इंग्रजीवर जा, शॉर्टकट दाबा, परत मराठीवर या.’ परत यायचं विसरलात की अर्धी ओळ रोमन अक्षरांचा कचरा. असं दिवसातून कितीदा करायचं? मेहनतीनं इन्स्क्रिप्ट शिकलेला माणूस शेवटी कंटाळतो, आणि मराठी टायपिंगच अवघड आहे असं ठरवून मोकळा होतो. माझा आक्षेप इथे आहे.

तेव्हा ‘मराठी चालते’ असा दावा दिसला की मराठी मांडणी चालू ठेवून कंट्रोल-बी आणि कंट्रोल-एस दाबून बघा. चाललं नाही, तर बनवणाऱ्यांना नेमकं कळवा: कोणती मांडणी, कोणती कळ. आता प्रश्न घेऊ.