तळें आणि डबकें

कै. अनुपम मिश्र यांचा ‘आज भी खरे हैं तालाब’ हा हिंदी ग्रंथ गांधी शांति प्रतिष्ठानानें १९९३ सालीं प्रसिद्ध केला. ग्रंथकारानें त्याचा स्वामित्वहक्क राखला नाहीं. तळ्याच्या पाण्याप्रमाणें तो सर्वांस मोकळा ठेविला. तळीं बांधणारे अनामिक कारागीर, पाळीची रचना, पाणलोट स्वच्छ राखण्याची रीत, हें सारें घरांतील वडील माणसानें पूर्वजांच्या गोष्टी सांगाव्या तशा ओघानें येथें आलें आहे. या शैलीच्या योग्यतेविषयीं दुमत होणार नाहीं.

तथापि अहिल्यानगर जिल्ह्यांत राहून तो वाचतांना आम्हांस एक उणीव जाणवली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या प्रांतांत पावसाळ्यांत माळावर सांचलेलें पाणी पुष्कळदां थंडी सरण्यापूर्वींच आटतें. त्यास आपण ‘डबकें’ म्हणतों. आणि आम्ही टीकाकार तर निर्जीव वाङ्मयासहि तेंच नांव देतों! परंतु डबकें निर्जीव नसतें. जमिनींत बीळ करून उन्हाळा काढणारा बेडूक पहिल्या पावसाबरोबर वर येऊन तेथेंच अंडीं घालतो. कोळंबीच्या कुळांतील कांहीं इवल्याशा पारदर्शक जीवांचीं अंडीं तर सुकलेल्या चिखलांत वर्षानुवर्षें टिकतात. पाणी आटतें म्हणून मासे तेथें वस्ती करीत नाहींत, आणि मासे नसतात म्हणूनच हे जीव वांचतात. आटणें हा त्या पाण्याचा दोष नव्हे, धर्म होय.

मिश्र यांस जलचरांचें विस्मरण झालें आहे असें नाहीं. नव्या तळ्यांत मासे, कासवें सोडण्याची चाल ते आवर्जून नोंदवितात. मरुभूमींतील लहानशा नाड्यांचाहि ते आदरानें उल्लेख करितात. पण तळ्याचें माप ते बहुधा माणसाच्या व गुराच्या तहानेनेंच घेतात, असें आम्हांस वाटतें.

ही उणीव केवळ ग्रंथापुरती असती, तर आम्ही ती बोलूनहि दाखविली नसती. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही सरकारी योजना निघाली. आमच्याकडील पुष्कळ शेततळ्यांच्या तळाशीं प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्या पाण्यावर डाळिंबाची बाग जगते; कोरड्या सालीं ती जगविणाऱ्या शेतकऱ्यास नांवें ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. पण त्या कागदांत बेडकानें दडावें कोठें? निसरड्या बाजूंवरून पाण्यांत घसरलेल्या जनावरानें वर यावें कसें?

म्हणून शेततळीं खुशाल असावींत; परंतु गांवोगांव एखादें जुनें डबकें न बुजवितां, न खोदतां, त्यांत मासे न सोडतां तसेंच राहूं द्यावें. मिश्र यांचा ग्रंथ वाचकांनीं अवश्य वाचावा, आणि त्यांत न आलेलें हें प्रकरण पावसाळ्यांत माळावर जाऊन पाहावें. आमच्यापुरतें म्हणाल, तर नीरस कवितेस यापुढें आम्ही डबकें म्हणणार नाहीं.