चिठ्ठी आणि ठराव

मानकोली नाक्यावर संध्याकाळी कंटेनर आडवे लागले की अर्धा-पाऊण तास हलता येत नाही. रिक्षावाला इंजिन बंद करतो. अशा वेळी वाचायला समोर फलकच असतात. गेली वीसेक वर्षे मी ते वाचत आलो आहे. आधी कापडी होते, मग फ्लेक्सचे आले. या काळात भाताची शेते जाऊन गोदामे उभी राहिली, मोठागावचा पूल झाला, खाडीपलीकडची डोंबिवली जवळ आली. फलकांची भाषा मात्र तीच राहिली. कोणाच्या तरी 'अथक प्रयत्नांतून' काहीतरी 'मंजूर' झालेले असते.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. उभा जन्म गोदामांतल्या हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेला. जमाखर्चाची वही वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण लोकप्रतिनिधींचे छापील कार्यअहवाल जमवायचा छंद मला लागला. ठाणे, मुंबई, कोकण, सगळीकडचे आणि सगळ्या पक्षांचे अहवाल माझ्याकडे आहेत. मराठीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत इतक्या प्रती छापून इतका कमी वाचला गेलेला गद्यप्रकार दुसरा नसेल. साहित्याच्या अंकात त्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या गद्यातून आपला प्रतिनिधी स्वतःविषयी बोलतो, त्याची परीक्षा कोणीतरी करायला हवी.

या अहवालांची रचना ठरलेली आहे. पहिल्या पानावर श्रेष्ठींची छायाचित्रे, मग मनोगत, मग गावनिहाय कामांची यादी, शेवटी वृत्तपत्रांची कात्रणे. यादीत काँक्रीट रस्ते, गटारे, सभामंडप, स्मशानभूमीची शेड, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा. प्रत्येक कामापुढे लाखांतली रक्कम. क्रियापद बहुतेक एकच: 'आणला'. निधी आणला, प्रकल्प आणला, मंजुरी आणली. जणू तो निधी परमुलखातला होता आणि साहेब तो घाट चढून घेऊन आले. करदात्याचा पैसा करदात्याच्या गल्लीत खर्च झाला, हे या क्रियापदात कुठे दिसत नाही.

ज्या कामासाठी माणूस निवडून गेला त्या कामाचे पान या अहवालांत नसते, किंवा असलेच तर विचारलेल्या प्रश्नांच्या आकड्यापुरते. कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, कशाला दुरुस्ती सुचवली, कुठे विरोध केला, यावर ओळ नाही. एकदा मी एका लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात जाऊन सरळ विचारले, 'गेल्या अधिवेशनात साहेबांनी कोणत्या विधेयकावर कसे मत दिले, त्याचा काही कागद मिळेल का?' तिथला कार्यकर्ता भला होता. त्याने मला चहा पाजला, नाव-गाव लिहून घेतले आणि नव्या वर्षाचे कॅलेंडर दिले. त्याची थट्टा करण्यासाठी हे सांगत नाही. असा कागद कोणी मागायला येऊ शकते, हेच त्याला नवीन होते.

मताचा कागद का नसतो, याची कारणे सभागृहाच्या कामकाजातच आहेत. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. 'होय' म्हणणारे आणि 'नाही' म्हणणारे यांच्या आवाजावरून अध्यक्ष निर्णय देतात. आवाजाला नाव नसते. निर्णय मान्य नसेल तर सदस्य मतविभागणी मागू शकतो, मग डोकी मोजली जातात. पण ती मागणी क्वचितच होते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विधानसभेत सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने संमत झाला आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. उलट ३० नोव्हेंबर २०१९ रोजी १६९ आणि ४ जुलै २०२२ रोजी १६४ विरुद्ध ९९ अशी मते रीतसर मोजली गेली. सत्ता कोणाकडे जाणार हे ठरायचे असले की शिरगणतीचा आग्रह धरला जातो. तोच आग्रह जमिनीच्या, पाण्याच्या, मजुरीच्या कायद्यासाठी क्वचित दिसतो.

दुसरे कारण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचे. पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबवायला आणलेल्या या तरतुदीने बाजार किती थांबला ते आपण पाहतोच, पण एकट्या सदस्याचे मत त्यामुळे पक्षाचे झाले. तिसरे कारण निधीचे. खासदार निधीची योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली आणि २०११ पासून तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. महाराष्ट्रात आमदार निधीही आता ५ कोटींवर गेला आहे. मत स्वतःचे राहिले नाही आणि खर्चाला रक्कम मिळाली, तेव्हा माणूस रकमेचाच अहवाल छापणार.

मग वेगळा अहवाल कसा दिसला असता? याचे उत्तर मला शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबई विधान परिषदेत सापडले. सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले पुढारी, मुंबईच्या गिरणगावात काम करणाऱ्या कामगार हितवर्धक सभेतले कार्यकर्ते. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेचे अध्यक्ष हेच बोले होते. १९१९ च्या सुधारणांनंतर परिषदेत नवे सदस्य आले. त्यांत बोले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा एक ठराव परिषदेने संमत केला. त्याचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखान्यांत अस्पृश्यांना मुक्त प्रवेश असावा.

या ठरावाची भाषा हिशेबनिसाच्या नजरेने वाचली की तिचे बळ लक्षात येते. त्यात दया, उदारपणा, हिंदू धर्माची लाज यांपैकी कशालाच आवाहन नाही. त्याचा पाया आहे सार्वजनिक पैसा. तळे कोणाच्या पैशाने राखले जाते, एवढे विचारले की उत्तर आपोआप येते. दुसरे, त्यात जागांची नावे आहेत. 'सर्व क्षेत्रांत समान वागणूक' असली गुळगुळीत ओळ असती तर ती कोणालाही पचली असती आणि कोणाचाच हंडा भरला नसता. 'पाणवठा' आणि 'विहीर' म्हटल्यावर गावोगावच्या माणसाला कळते की प्रश्न आपल्या दारातला आहे.

त्या वेळी मताचा हक्क मिळकतीवर आणि करावर अवलंबून होता. ज्यांच्यासाठी हा ठराव होता त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. बोल्यांना त्यातून मते मिळणार नव्हती, मिळाला तर सवर्ण मतदारांचा रोषच मिळणार होता. आजच्या अहवालांत ज्याला 'मतदारसंघाची बांधणी' म्हणतात, तिच्या हिशेबात हा ठराव कुठेच बसत नाही.

अर्थात ठराव ही नुसती शिफारस होती. सरकारने सप्टेंबर १९२३ मध्ये आपल्या खात्यांना आदेश काढला, पण नगरपालिका व लोकल बोर्डांनी तो मनावर घेतला नाही. इथे आजचा प्रतिनिधी थांबला असता. ठराव संमत झाला, छायाचित्र छापले, विषय संपला. बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका वा बोर्ड पहिला ठराव अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे. पहिल्या ठरावाचा पाया पैसा होता, आता दुसऱ्याने दाबही पैशाचाच आणला. आपल्याच शब्दाचे पुढे काय झाले हे तीन वर्षांनी परत येऊन विचारणारा सदस्य, हा प्रतिनिधीचा दुर्मीळ प्रकार आहे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तेव्हा अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते. तरी तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही, जाण्याची कोणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पुढची मारहाण आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' वाचकांना ठाऊक आहे. आपण महाडकडे एक बंड म्हणून पाहतो, आणि ते होतेच. पण ते विधिमंडळाच्या एका संमत ठरावाची अंमलबजावणीही होते, जी सरकारने करायची होती आणि लोकांना आपल्या पायांनी करावी लागली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला १७ मार्च १९३७ रोजी. पाणी पिण्याच्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी.

त्याच १९२७ च्या फेब्रुवारीत डॉ. आंबेडकर नियुक्त सदस्य म्हणून परिषदेत बसले, मार्चमध्ये महाड झाले आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. प्रतिनिधीची तीन कामे, म्हणजे लोकांशी बोलणे, लोकांत जाणे आणि सभागृहात भूमिका घेणे, इथे दोन महिन्यांत एकमेकांना जोडलेली दिसतात. त्यांची विधिमंडळातली भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली ग्रंथरूपात काढली. मी ती मूळ इंग्रजीतून शब्दकोश जवळ ठेवून वाचली. त्यात अर्थसंकल्पावरची टीका आहे, १९२८ मधल्या प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन आहे, त्याच वर्षी मांडलेले वतनाच्या कायद्यातले दुरुस्ती विधेयक आहे, १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाला केलेला विरोध आहे. आणि जे साधले नाही तेही आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले, तरी झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही अहवालात हरलेल्या विधेयकाचे पान नाही. तिथे सगळे मंजूर, सगळे पूर्ण किंवा प्रगतिपथावर. ज्याच्या अहवालात एकही पराभव नाही, त्याने अवघड असे काही मागितलेच नसावे, अशी शंका मला आता येते.

इथवर लिहून मी थांबलो, कारण मला माझी आई आठवली. काही वर्षांपूर्वी ती अत्यवस्थ होती आणि कुठेच खाट मिळत नव्हती. रात्री अकराला एका लोकप्रतिनिधीकडे गेलो. त्यांनी माझी जात, पक्ष काही न विचारता चिठ्ठी दिली, फोनही केला. खाट मिळाली. आई त्या दुखण्यातून उठली. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, आणि सभागृहात तो काय बोलतो हे त्या रात्री मला विचारायचेही नव्हते. पेव्हर ब्लॉकची थट्टा करणाऱ्याने हे सांगितले पाहिजे. मतदारसंघात रात्री-अपरात्री दार उघडणारा माणूस खरा असतो आणि त्याची गरजही खरी असते.

पण त्याच रात्री बाहेरच्या बाकावर एक बाई बसून होती. तिच्या कुशीत पोर होते. तिची कोणाशी ओळख नव्हती. मला मिळालेली खाट तिची असू शकली असती, हे मला तेव्हा कळले नाही, बोले वाचताना कळले. बोल्यांनी एखाद्या ओळखीच्या माणसाला नळावर पाणी भरू देण्याची चिठ्ठी दिली असती तर त्याचे घर भागले असते. त्यांनी ठराव मांडला. ठराव हा ओळख नसलेल्या माणसाची चिठ्ठी असतो. कायद्याचे काम जितके कमी होते, तितकी चिठ्ठ्यांची गरज वाढते, आणि चिठ्ठी देणाऱ्याचा मोठेपणाही वाढत जातो. हे दुष्टचक्र चिठ्ठी देणाऱ्याला कळत नाही असे नाही.

दोन्हींची सांगड घालणारे उदाहरण स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातही आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी दुष्काळी भागातल्या रिकाम्या हातांचा प्रश्न पाहिला. १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. गावात दिसलेल्या अडचणीचे कायद्यात रूपांतर झाले आणि खडी फोडायला येणाऱ्याला काम मागण्याचा हक्क मिळाला. तो कायदा राबवताना काय काय झाले तो वेगळा विषय. पण मतदारसंघातले काम हा कायद्याचा कच्चा माल असतो, एवढे त्यातून दिसते. चिठ्ठ्यांची वही जपून वाचली तर तिच्यातच पुढच्या विधेयकाचा मसुदा असतो.

दोष एकट्या प्रतिनिधीचा नाही. नाक्यावरचा फलक आपण वाचतो म्हणून तो लागतो. मताचा कागद आपण मागत नाही म्हणून तो छापला जात नाही. त्या कार्यालयातून आणलेले कॅलेंडर वर्षभर आमच्या भिंतीवर होते, दूधवाल्याचे खाडे मी त्यावरच लिहिले.

हल्ली नवा अहवाल हाती आला की मी त्याच्या शेवटी एक कोरा कागद टाचतो आणि त्यावर चार रकाने आखतो: काय मांडले, कशाला विरोध केला, कुठे हरलो, हरल्यावर पुढे काय केले. बोल्यांसाठी आखलेल्या कागदावर १९२३ आणि १९२६ या दोन नोंदी मी केल्या आहेत. बाकीचे कागद कोरे आहेत. येत्या अधिवेशनानंतर त्यांतला एक घेऊन मी पुन्हा संपर्क कार्यालयात जाणार आहे. चहा घेईन. कॅलेंडर मात्र या वेळी नको म्हणेन.