हर्मेटिक तत्त्वज्ञान, अंबाजोगाईचे पंचीकरण आणि आजचा जिज्ञासू

हर्मेटिक ग्रंथांविषयी आजच्या अध्यात्मजिज्ञासूंना वाटणारे आकर्षण मुख्यतः दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली, हे ग्रंथ अतिप्राचीन ईजिप्तचे ज्ञान सांगतात ही समजूत. दुसरी, जे पिंडी तेच ब्रह्मांडी हा त्यांतील विचार. या दोन आधारांची परीक्षा केल्यावाचून त्यांच्या मूल्याविषयी काही निश्चित म्हणता येणार नाही. ही परीक्षा करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाला बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची वाङ्मयपरंपरा विशेष उपयोगी पडते. कारण मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’च्या निमित्ताने पहिला, आणि दासोपंतांच्या ‘पासोडी’च्या निमित्ताने दुसरा प्रश्न आपल्यापुढेही उभा राहतो.

प्रथम प्राचीनतेचा प्रश्न घेऊ. हर्मीस ट्रिस्मेगिस्टस, म्हणजे ‘त्रिवार महान हर्मीस’, हा ग्रीकांचा हर्मीस आणि ईजिप्तचा विद्यादेव थॉथ यांच्या एकीकरणातून साकारलेला उपदेशक होय. त्याच्या नावावरील ग्रीक संवादांचे लॅटिन भाषांतर मार्सिलियो फिचिनो याने १४६३ मध्ये पुरे केले. त्याचा आश्रयदाता कोझिमो द मेदिची याला हे काम इतके निकडीचे वाटले की, त्यासाठी प्लेटोचे भाषांतर बाजूस ठेवावे लागले. प्लेटोच्याही पूर्वीचे मूळ ज्ञान हाती आले, अशी तेव्हाच्या विद्वानांची श्रद्धा होती. १६१४ मध्ये आयझॅक काझोबाँ याने ती मोडून काढली, आणि तीही भाषेच्या पुराव्याने. या संवादांतील पारिभाषिक शब्द उत्तरकालीन ग्रीक तत्त्वचर्चेतले आहेत; त्यांतील श्लेष ग्रीक भाषेतच संभवतात, म्हणून ते भाषांतर असू शकत नाही; फिडियाससारख्या ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील शिल्पकाराचा त्यांत उल्लेख येतो, ही त्याची प्रमाणे होत. आज हे संवाद सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले मानले जातात.

तथापि भाषेचा पुरावा कोठवर न्यावा, हेही पाहिले पाहिजे. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांत हर्मेटिक संवादही निघाले. आणि गार्थ फाउडेन याने १९८६ मध्ये या विचाराची ईजिप्शियन पार्श्वभूमी साधार दाखविली. संवाद उत्तरकालीन ठरले, म्हणून त्यांचा ईजिप्तशी असलेला संबंध खोटा ठरला नाही.

‘विवेकसिंधू’ची स्थिती याहून फार निराळी नाही. ग्रंथातील कालनिर्देशाप्रमाणे तो शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा ठरतो. परंतु उपलब्ध प्रतींची भाषा शके १२१२ मधील ‘ज्ञानेश्वरी’हून अर्वाचीन भासते. ग्रंथातील अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरे, हाही वाद आहे. येथे प्रतीची भाषा आणि रचनेची भाषा यांत भेद केला पाहिजे. लेखनकार पिढ्यान्‌पिढ्या भाषा आपल्या काळाला मिळती करून घेत असतात. ‘ज्ञानेश्वरी’च्या पाठशुद्धीचे काम एकनाथांना शके १५०६ मध्ये हाती घ्यावे लागले, ते या प्रकारामुळेच. एवढ्याने वाद मिटत नाही. पण एक गोष्ट उघड होते: ‘विवेकसिंधू’चा गौरव केवळ ‘मराठीतील आद्यग्रंथ’ म्हणून करणारा वाचक फिचिनोचीच चूक करीत असतो. काळ हे इतिहासाचे प्रमाण आहे. विचाराच्या सत्यतेचे नव्हे. उद्या हा ग्रंथ दोनशे वर्षे पुढे सरकला, तरी त्यातील अद्वैताचे विवरण तसूभरही कमी होणार नाही.

आता दुसरा, आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न: पिंडब्रह्मांडाच्या साम्याचा उपयोग कशासाठी? काझोबाँ लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करीत होता, तेव्हा अंबाजोगाईस दासोपंत (१५५१–१६१५) आयुष्याच्या अखेरीस पोहोचले होते. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. हीच प्रसिद्ध ‘पासोडी’. पंचीकरणाची प्रक्रिया थोडक्यात अशी. प्रत्येक सूक्ष्म महाभूताचे दोन भाग होतात. एक भाग तसाच राहतो, दुसऱ्याचे चार अंश होऊन ते उरलेल्या चार भूतांत मिसळतात, आणि त्यांतून स्थूल सृष्टी सिद्ध होते. याच तत्त्वांचा देह बनलेला असल्याने मराठी पंचीकरणपर ग्रंथांत पिंडाचे स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण हे चार देह सांगून ब्रह्मांडाचेही विराट, हिरण्यगर्भ, अव्याकृत आणि मूलप्रकृती असे चार देह दाखविले जातात. परंतु ही मोजदाद संग्रहासाठी नसते. जे मोजले ते ‘मी’ नव्हे, हे कळावे आणि एकेका तत्त्वाचा निरास व्हावा, यासाठी ती असते.

हर्मेटिक संवादांपैकी पहिल्या, ‘पोइमांद्रेस’ या संवादातही साम्याचे कार्य हेच आहे. मृत्यूनंतर वर जाणारा जीव सात ग्रहमंडले ओलांडतो आणि प्रत्येक मंडलाला त्याचा त्याचा विकार परत करतो: कामना, सत्तेचा ताठा, द्रव्यलोभ, असत्य. अशा रीतीने रिता झालेला जीव आठव्या स्थानी पोहोचतो. विश्व आणि मनुष्य यांच्यातील सादृश्य येथेही सांडण्यासाठी आहे, मिळविण्यासाठी नव्हे.

याउलट आजचा जिज्ञासू बहुधा ज्या पुस्तकातून हर्मीसकडे येतो, ते ‘किबॅलियन’ १९०८ मध्ये शिकागो येथे निघाले. ‘तीन दीक्षित’ या नावाआड विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन हाच लेखक होता, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. ‘योगी रामचरक’ या नावाने योगावरील पुस्तके लिहिणाराही तोच. या पुस्तकात सादृश्य हे सात ‘नियमां’पैकी एक होते, आणि नियम कळला की मनावर व परिस्थितीवर प्रभुत्व मिळते असे आश्वासन येते. ही प्रभुत्वाची वासना सर्वस्वी अर्वाचीन आहे, असे मात्र म्हणता येत नाही. प्राचीन काळीही हर्मीसच्या नावावर ज्योतिष, किमया आणि मंत्रतंत्र यांचे विपुल लेखन होते, आणि फाउडेनच्या मते ते व तत्त्वपर संवाद ही एकाच साधनमार्गाची पायऱ्यांसारखी अंगे होत. अ‍ॅटकिन्सनने पायरीलाच मंदिर ठरविले, एवढाच त्याच्यावरील आक्षेप.

हर्मेटिक विचार म्हणजे ‘आपलेच अद्वैत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोहही टाळावा लागेल. ‘पोइमांद्रेस’मधील जीव प्रवास करतो आणि अखेरीस देवत्व पावतो, अद्वैतात जाणारा नाही आणि जाण्याचे स्थानही नाही. दोन्हींत निरास आहे, पण निरासानंतर जे उरते ते एक नाही. हा भेद पुसून टाकणारी तुलना दोन्ही परंपरांवर अन्याय करते.

मग मूल्य कोणते? हे संवाद गुरूने शिष्याला, बहुधा बापाने मुलाला, सांगितलेले आहेत. शिष्य शंका घेतो, अडतो, पुन्हा विचारतो. ‘विवेकसिंधू’ही गुरुशिष्यसंवादच आहे. सूत्ररूप नियमांच्या यादीत हा संथ क्रम नाहीसा होतो, आणि त्याबरोबर ज्याच्यासाठी सारा खटाटोप तो शिष्यही नाहीसा होतो. हर्मेटिक ग्रंथ जिज्ञासूने अवश्य वाचावेत; मात्र ते मूळ संवादांच्या भाषांतरांतून, त्यांचा खरा काळ लक्षात ठेवून, आणि वाचताना आपल्याजवळून काय सुटले एवढे पाहत वाचावेत. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हे वाचन ‘पासोडी’च्या वाचनाबरोबर करता येते. ती सोय फिचिनोला नव्हती. तिचा उपयोग न करणे हे आपल्या अभ्यासाचे दैन्य ठरेल.