क्लब कॉल : चूक निवडीची की नियमाची?

रग्बी लीग (१३ खेळाडूंची, १५ जणांची ती रग्बी युनियन) आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही, मान्य. पण स्पर्धांची रचना हा माझ्या पीएचडीचा विषय, आणि इंग्लंडच्या सुपर लीगमधला एक नियम तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२००९ ते २०१४ या काळात तिथे साखळी संपल्यावर पहिले आठ संघ बाद फेरीत जात. पहिल्या चारांपैकी पहिला सामना जिंकणारे दोन संघ एक आठवडा विश्रांती घेऊन थेट उपांत्य फेरीत येत. त्या दोघांत गुणतक्त्यात वर असलेल्याला आणखी एक हक्क मिळे : उरलेल्या दोन संघांपैकी आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. तोही जाहीरपणे! हाच ‘क्लब कॉल’.

२०११ मध्ये अव्वल वॉरिंग्टनने पाचव्या क्रमांकाच्या लीड्सला निवडलं आणि घरच्या मैदानावर २४-२६ असा मार खाल्ला. २०१२ मध्ये विगनने पुन्हा लीड्सलाच निवडलं, १२-१३. दोन्ही वर्षी लीड्स पुढे विजेतेही झाले. तेव्हापासून या नियमाची टिंगल ठरलेली : स्वतःच्या हाताने संकट ओढवून घेतलं.

मला ही टीका पटत नाही. तुम्हीच बघा, दुसरा पर्याय कोण होता? २०११ मध्ये विगन, २०१२ मध्ये वॉरिंग्टन. म्हणजे दोन्ही वेळा साखळीत दुसरा आलेला संघ. ‘पहिल्याने उरलेल्यांतल्या सर्वांत खालच्याशी खेळावं’ असा साधा छापील नियम असता, तरी हेच सामने झाले असते. हरल्यावर निवडीला शिव्या घालणं म्हणजे निकालावरून निर्णय तपासणं. आमच्या विषयात पहिल्याच महिन्यात ही सवय मोडतात (माझी सामने बघताना अजून मोडलेली नाही, ते सोडा).

खरा दोष वेगळाच आहे. निवडीला किंमत केव्हा? गुणतक्ता जे सांगत नाही ते, म्हणजे दुखापती, सध्याचा सूर, कोणाची शैली आपल्याला जड जाते, हे निवडणाऱ्याला वापरता आलं तर. पण २००९ मध्येसुद्धा अव्वल लीड्सने आठव्या कॅटलन्सलाच निवडलं होतं. वरचा संघ निवडून हरलात तर प्रशिक्षकाला तोंड दाखवायला जागा नाही. खालचा निवडून हरलात तर निदान गुणतक्त्याकडे बोट दाखवता येतं. शिवाय ज्याला निवडलं, त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये वेगळं भाषण करायची गरजच उरत नाही. हक्क कागदावर, आणि अपमानाची किंमत मात्र खरी.

तीन उदाहरणांवरून सिद्धान्त मांडू नये, हे कळतं. तरी हीच निवड बंद पाकिटात, बाद फेरी सुरू होण्याआधी पसंतीक्रम लिहून घेतली असती तर? २०१५ पासून बाद फेरी चार संघांवर आली आणि क्लब कॉल गेला; तो प्रयोग करून बघायचा राहूनच गेला.